कातळावरची बारा भिरभिरी

साखरतरच्या रस्त्याला, जिथे कातळ एकदम उघडा पडतो तिथे, कमालशेटने बंगला बांधला आणि बंगल्यापुढे गवत लावलं. आता रत्नागिरीच्या माणसाला मुद्दाम गवत लावायचं म्हटल्यावर हसू येणारच. पावसाचे चार महिने कातळ आपला आपण हिरवागार होतो, त्याला कुणी सांगायला जात नाही. आणि दिवाळी सरली की काळाठिक्कर पडतो, मग तो कुणाच्या बापाचं ऐकत नाही. पण कमालशेटचा सारा जन्म डर्बनला गेलेला. तिथल्या गोऱ्यांच्या घरांपुढची बारमाही हिरवळ त्याच्या डोक्यात जाऊन बसली होती. त्याने बैलगाड्यांनी शेतातली माती आणून कातळावर वीतभर थर दिला, हरळी लावली, विहिरीवर तेलाचं इंजिन बसवलं आणि चिऱ्यांच्या उंच खांबांवर टाकी चढवली. टाकीपासून लोखंडी नळ फिरवून त्यांच्यावर डर्बनहून आणलेल्या पितळी चक्र्या बसवल्या. आणल्या होत्या तेरा, बसवल्या बारा. तेरावी अडीअडचणीला म्हणून पेटीत राहिली.

एकेका चक्रीला तीन हात, हरेक हाताला चार भोकं, केसाएवढी बारीक आणि तिरकी पाडलेली. पाणी सुटलं की त्याच्याच जोराने हात गरगर फिरायचे आणि भोवती दहा पावलांवर तुषार उडायचे. पहिल्या दिवशी बघायला आरे-वारे गावांपर्यंतची माणसं आली होती. त्यांनी त्याला नाव ठेवलं भिरभिरी, आणि तेच राहिलं. महिनाभर भिरभिरी फिरवून, लोकांची तोंडं बघून कमालशेट आगबोटीत बसला तो परत डर्बनला गेला. बंगला, गवत आणि बारा भिरभिरी सगळं इद्रीसच्या हवाली.

इद्रीस राजिवड्याचा. बाप गलबतावर तांडेल होता, हा मात्र आगबोटीच्या इंजिनखोलीत बावीस वर्षं तेल घालत राहिला. एका फेरीत डाव्या हाताची दोन बोटं यंत्रात गेली आणि कंपनीने त्याला घरी पाठवलं. मूलबाळ नाही. भावाच्या घरात एक खोली, आणि जावेच्या चुलीवर तिच्या सवडीने शिजवणारी बायको, खतिजा. तीस वर्षं तिने दुसऱ्याच्या चुलीवर रांधलं आणि तीस वर्षं तव्याला हात लावायच्या आधी विचारलं. कमालशेटने बंगल्यामागच्या दोन खोल्या राहायला दिल्या तेव्हा खतिजाने पहिल्या दिवशी काय केलं असेल तर चूल घातली. आपल्या हातांनी, आपल्याला हवी तशी, समुद्राच्या अंगाच्या खिडकीखाली. तिचे गुडघे तेव्हापासूनच धरलेले होते, पण ती सारवताना गुणगुणत होती, हे इद्रीसने दारातून ऐकलं आणि त्याला फार बरं वाटलं. इतकं बरं वाटलं की राजिवड्याच्या घरातला आपला वाटा त्याने पुतण्याच्या, जमालच्या नावावर लिहून दिला. आपल्याला आता कशाला लागतोय, म्हणाला. माणूस सुखात असला की असली कामं करून बसतो.

आणि इद्रीसने नोकरी म्हणजे काय असते ते त्या गवताला दाखवून दिलं. उजाडता नमाज झाली की तो बाहेर पडे. आधी नळाच्या टोकाची टोपी काढून रात्रीचं पाणी सोडून द्यायचा. उन्हाळ्यात दुपारी तर त्या नळात पाणी असं तापायचं की चुलीवरचं परवडलं. ते गवतावर पडलं तर गवत उकडून निघायचं, म्हणून सकाळ सोडून दुसऱ्या वेळेला चावीला हात लावायचा नाही, हा त्याचा कायदा. मग बाराही चक्र्या पिळून काढायच्या. विहिरीचं पाणी गोडं, पण जांभ्याच्या पोटातून आलेलं. तांबडा मऊ गाळ रोज भोकांत बसे. चक्री तळहातावर आपटायची, तोंडाला लावायची, जोराने फुंकायची, मग ओढायची, थुंकायची. चामड्याचे वायसर खोबरेलात बुडवून घालायचे. सांधा गळत असला तर सुताला सफेता लावून घट्ट करायचा. आणि शुक्रवारी बाराही भिरभिरी कोकमाच्या आंबट सोलांच्या पाण्यात भिजत घालायची. आपल्याकडे पितळ सोलांनीच घासतात, त्याला दुसरं काय माहीत असणार! जुम्म्याला निघताना ती उन्हात सोन्यासारखी मांडून ठेवलेली असत आणि रस्त्याने जाणारी माणसं त्याला "मिस्त्री" म्हणून हाक मारत. इंजिनखोलीत बावीस वर्षांत त्याला कुणी मिस्त्री म्हटलं नव्हतं.

पहिल्याच उन्हाळ्यात रमजान आला. त्या वर्षांत रमजान ऐन वैशाखवणव्यात येत होता. कातळ तव्यासारखा तापलेला, वाऱ्याला मिठाची चव, आणि रोजा. एका सकाळी इद्रीसने नेहमीसारखी चक्री तोंडाला लावली, ओढली, आणि गाळ सुटून आतलं गार पाणी एकदम जिभेवर आलं. त्याने ते थुंकलं. पण थुंकायच्या आधी क्षणभर त्याचा घसा आपणहून हलला, पाण्याकडे गेला. गेला थेंब की नाही गेला हे त्याला पुढे कितीतरी दिवस ठरवता आलं नाही.

खतिजाला त्याने सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अवो, मग मशिदीत इचारा तरी. फुंकल्यानं रोजा मोडतो काय?"

"फुंकल्यानं नाय मोडत," इद्रीस म्हणाला. "मीच मोडीन."

"मग रोजा सुटल्यावर करा काम."

"अंधारात? आनि सकाळचं पानी कोन देईल गवताला?"

त्याने दुसरा उपाय काढला. बापाचं शीड शिवायचं दाभण त्याच्या पेटीत होतं. चांगल्या पोलादाचं, टोकाला तीन धारा, बापाच्या हाताने गुळगुळीत झालेलं. रमजानचा महिनाभर तो चक्री तोंडाला लावीच ना. एकेका भोकात दाभणाचं टोक घालायचं, हलकंच फिरवायचं, झटकायचं, पुढचं भोक. बारा चक्र्या, एकेकीला बारा भोकं. तो एकही चुकवत नसे. उलट रोज्यात काम कमी झालं असं कुणी म्हणू नये म्हणून दोनदा फिरवायचा. ईद झाली की पुन्हा तोंड. असे एकामागून एक तीन रमजान गेले आणि इद्रीसला वाटत होतं की आपण दीन आणि नोकरी दोन्ही राखली.

छप्पनच्या उन्हाळ्यात, चौथा रमजान तोंडावर असताना, कमालशेटचं पत्र आलं. शाळेतल्या मास्तरांनी ते वाचून दाखवलं. मुलीचं लग्न ठरलंय, ईद झाल्यावर मी येतोय. वऱ्हाड हिरवळीवर बसवायचा विचार आहे. पण मंडळींपैकी काही जण म्हणतात की कातळावर गवत राहतच नाही, फुकट पैसा घातलास. बाजारातले एक कलमांचे व्यापारी जागा मागतायत, सुरुंग लावून खड्डे करून आंबा लावायचा म्हणतात. मी येऊन डोळ्यांनी बघीन. हिरवळ असेल तर लग्न तिथेच आणि बंगला कायमचा. नसेल तर जागा देऊन टाकीन आणि लग्न मुंबईत करीन. खाली एक ओळ होती: इद्रीसभाय, तुमच्यावर भरवसा आहे.

खतिजाने ते ऐकलं आणि चुलीपाशी जाऊन बसली. चुलीला एक तडा गेला होता, तो तिने ओल्या मातीने लिंपला. घर राहणार की जाणार हे न कळणाऱ्या बाईने दुसरं करायचं तरी काय!

आणि नेमकी त्याच वेळी भिरभिरी रुसली. टोकाची चार आधी. पाणी सोडलं की ती दोन गिरक्या घ्यायची आणि थांबायची. मग भोकांतून तुषार नाहीत, नुसती लाळ गळायची. खाली चिखल आणि हातभर पलीकडे वाळलेली हरळी. आठ दिवसांत मधलीही मंदावली. इद्रीसने जगातल्या प्रत्येक गोष्टीवर संशय घेतला. इंजिन खोललं. टाकीत उतरून गाळ काढला. नळ फुटला असेल म्हणून सबंध चर उकरला, तोही रोज्यात, भर उन्हात, आठ बोटांनी. नळ धडधाकट होता. भोकं बुजली असतील म्हणून दाभण आणखी कसोशीने फिरवलं, दिवसातून दोन-दोन वेळा. जितकं फिरवावं तितकी भिरभिरी मरगळत चालली. माझ्या हातांना काय झालं, असं तो खतिजाला विचारी. ती त्याचे हात उलटेसुलटे करून बघे आणि म्हणे, "चांगले हायत."

शेवटी त्याने एक चक्री आणि पेटीतली कोरी तेरावी अशा दोन फडक्यात बांधल्या आणि बाजारात सोनू तांबटाकडे गेला. सोनू म्हातारा, हातात कायम हातोडी, आणि जिभेला हाड नाही म्हणून आख्ख्या बाजारात प्रसिद्ध. पण पितळेतला त्याच्याएवढा जाणता माणूस जिल्ह्यात नव्हता. त्याने केरसुणीतला एक हीर उपसला आणि कोऱ्या चक्रीच्या भोकात घातला. हिराचं नुसतं शेंड्याएवढं टोक आत गेलं नि अडलं. मग जुनीच्या भोकात घातला. हीर सरळ आतून पार झाला.

"मिस्त्री, ही भोकां हायत काय नाळी?" सोनू म्हणाला. "येवढ्यातनं पानी उडंल कशाला? तुमची टाकी बापडी बारा ठिकानी गळती हाय झालं. जोर उरंल कुठनं?"

"पान्यानं झिजलं असेल," इद्रीस म्हणाला.

सोनूने चक्री उजेडाकडे धरली. "पानी झिजवतं ते गोल झिजवतं. हे तिकोनी हाय, बघा. आनि सोलांत बुडवून बुडवून पितळ पाक नरम पडलाय. त्यात कोनी तिधारी दाभण फिरवतो काय? कोनत्या गाढवाचं काम हाय हे?"

दाभण त्या वेळी इद्रीसच्या सदऱ्याच्या खिशात होतं. कापडातून त्याचं टोक छातीला लागत होतं.

"मना नाय म्हाईत," तो म्हणाला.

दोन्ही चक्र्या फडक्यात बांधून तो घरी निघाला. रोज्यात पाण्याचा थेंब घशाखाली जाऊ नये म्हणून एवढं सगळं केलेल्या माणसाच्या तोंडून रोज्यातच खोटं गेलं होतं. आणि ज्या भोकांना त्याने चार वर्षं पोटच्या पोरासारखं जपलं, त्यांची त्याने आपल्याच हाताने कोरून वाट लावली होती. गाढव म्हणाला सोनू. गाढव निदान आपलं ओझं तरी नीट वाहतं, असं इद्रीसला वाटलं.

तरी त्याने प्रयत्न सोडला नाही. सोनूकडून भोकं डाख देऊन बुजवून घेतली आणि नव्याने पाडून घेतली. पण तसली केसासारखी, तिरकी भोकं पाडायची हत्यारं सोनूपाशी कुठली असायला! भोकं पडली सरळ. पाणी उभं आभाळाकडे उडायचं आणि चक्री ढिम्म, जागची हलायची नाही. मग इद्रीसने कळशी घेतली. विहिरीवरून पाणी काढायचं आणि पसा-पसा करून गवतावर मारायचं. खतिजा नको नको म्हणताना तीही तांब्या घेऊन उतरली. गुडघे वाकत नव्हते, म्हणून बसून सरकत सरकत तिने बंगल्याच्या पायरीपुढचं गवत भिजवलं. दोन रोजेकरी म्हातारी माणसं, पाण्यात हात आणि ओठांना कोरड. कातळाने ते पाणी प्यायलं की नाही प्यायलं, काही कळलं नाही. ईदेपर्यंत सगळं गवत पिवळं पडलं होतं.

ईदेच्या दुसऱ्या दिवशी इद्रीसने तेरावी चक्री पेटीतून काढली आणि शेट बसेल त्या पडवीच्या अगदी समोर बसवली. बाकीची अकरा बंद करून सगळं पाणी तिलाच दिलं. ती अशी फिरली, अशी फिरली, की खतिजा दारातून बघतच राहिली. पडवीपुढे आठ दिवसांत एक गोल हिरवा तुकडा उभा राहिला, ताटासारखा. बाकी सगळा कातळ.

"शेटनी येवढंच बघितलं तर?" खतिजा म्हणाली. तिच्या आवाजात आशा होती, आणि तीच इद्रीसला सोसवेना.

कमालशेट आला तो बंदरावरून टॅक्सीने. अंगाने सुटलेला, डोळ्यांवर काळा चष्मा, कपाळाला घाम. पडवीत उभा राहून त्याने हिरव्या ताटाकडे पाहिलं, मग चष्मा काढून पलीकडच्या पिवळ्याकडे. पायऱ्या उतरून तो एका बंद चक्रीपाशी गेला आणि बोटाने तिचा हात फिरवून बघितला.

"पानी आटलं काय इद्रीसभाय?"

हो म्हणणं सोपं होतं. वैशाखात पाणी आटलं म्हटलं तर कोण विचारणार! खतिजा दारातून बघत होती, तिच्यामागे ती चूल होती, आणि तरीही इद्रीसला पुन्हा एकदा खोटं बोलणं जमेना. बाजारातलं एक खोटं त्याला पुरे झालं होतं.

"पानी हाय शेट. भोकां मीच कोरली." त्याने दाभण काढून हातावर ठेवलं. रोजा, पाण्याचा थेंब, तीन धारा, सगळं सांगितलं. सांगताना तो उन्हातच उभा होता.

कमालशेटने रागवावं असं त्याला वाटत होतं. रागवला असता तर काहीतरी हलकं झालं असतं. पण शेट हसला. वाईट हसला नाही, कीव आल्यासारखा हसला.

"अवो इद्रीसभाय, तिकडं ही दोन उन्हाळ्यांनी फेकून देतात. झिजायचीच. पोरंटोरं खेळायला नेतात. मना एक कार्ड टाकलं असतंत तर खोकं भरून पाठवलं असतं की मी!"

कार्ड टाकायचं इद्रीसच्या मनात कधी आलंच नव्हतं. नवं मागायचं म्हणजे जुनं आपल्याच्याने राखवलं नाही असं लिहून देण्यासारखं. फेकून द्यायची वस्तू तो चार वर्षं खोबरेल लावून सांभाळत होता, आणि हे त्याला सांगणारं माणूस समुद्रापलीकडे बसलं होतं.

"आता मागवली तर?" त्याने विचारलं.

"आता लगीन पंधरा दिवसांवर हाय," कमालशेट म्हणाला, "आनि मुंबईस सांगून पन झालंय. खरं सांगू, मना वाटलंच होतं." जाताना त्याने इद्रीसच्या हातात काही नोटा कोंबल्या आणि म्हणाला, "भिरभिरी तुमीच न्या. मोडीत घाला."

पुढच्या शुक्रवारी व्यापाऱ्याची माणसं पहारी घेऊन आली. त्यांनी पडवीपुढच्या हिरव्या ताटाच्या मधोमध पहिलं भोक पाडलं, कारण तिथली जमीन ओली, पहार सहज उतरली. खतिजाला चूल बरोबर नेता येणार नव्हती. तिने ती शेवटची सारवली, वर पाणी शिंपडलं आणि विस्तू विझवला. बैलगाडीत बसल्यावर ती एकच वाक्य बोलली, "चांगली चार वर्सं गेली." तिला बोलायचं होतं ते एवढंच होतं, आणि त्यात रुसवा अजिबात नव्हता. असता तर इद्रीसला बरं झालं असतं. श्रावणात तो सगळा कातळ हिरवागार झाला, असं साखरतरच्या एका माणसाने येऊन सांगितलं. इद्रीसने मान हलवली.

राजिवड्याच्या घरी जमालने त्यांना नाही म्हटलं नाही. ओटीच्या कडेची एक खोली दिली. जमालची बायको हफीजा मनाने वाईट नव्हती, पण चूल आता तिची होती. खतिजा पुन्हा तव्याला हात लावायच्या आधी विचारू लागली.

पुढच्या रमजानात जमालने मुंबईहून रॉकेलचा स्टो आणला. घरात पहिलाच. दोन आठवड्यांत त्याचं भोक काजळीने बुजलं. इफ्तारीला अर्धा तास उरलेला, पातेलं तसंच थंड, आणि हफीजा स्टो नि पत्र्याची बारीक पिन घेऊन ओटीवर आली.

"चाचा, जरा पिन मारून द्या ना. तुमी मिस्त्री."

इद्रीसने स्टो मांडीवर घेतला. पिन बोटांत धरली, भोकापाशी नेली. खतिजा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहून त्याच्या हाताकडे बघत होती. पिन भोकाच्या तोंडाशी तशीच राहिली. मग त्याने ती हळूच ओटीवर ठेवली आणि स्टो हफीजाच्या हातात परत दिला.

"माझ्याच्यानं नाय व्हायचं, बाय," तो म्हणाला. "जमालला सांग, नवाच आन म्हनावं."